होनोलुलूचा ओंडका

आमच्याकडे माणूस गेलं की घरापुढे ओंडका पेटवतात. दाराच्या उजव्या अंगाला जमिनीवर आडवा टाकायचा आणि एक टोक शिलगावायचं. ज्वाळा नको, नुसती धग हवी. पेटी घरातून निघेपर्यंत, आणि दफन उरकून मंडळी परत येईपर्यंत तो विझू द्यायचा नाही. मग घरातलं वडीलधारं माणूस त्यावर बासी, म्हणजे उसाची दारू, ओतून तो विझवतं. त्यानंतरच घर पुन्हा जिवंत माणसांचं होतं.

म्हणून कुणी गेल्याचं कळलं की लाकूड तोडणारा आधी विचारायचा, "कोण कुठून यायचंय?" बाताकहून लेक यायची असेल तर दोन फूट पुरे. मनिलाहून यायची तर तीन. होनोलुलूहून कुणी यायचं असेल तर अख्खं खोड. फिलिपाइन्सच्या उत्तरेला आमच्या इलोकोसमध्ये घरटी कुणी ना कुणी हवाईला होतंच, त्यामुळे 'होनोलुलूचा ओंडका' हे माप शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मला मात्र ते अंतर आकड्यांत ठाऊक होतं. १९६३ पासून मी लाओआगमधल्या एका विमान कंपनीच्या कचेरीत तिकिटं लिहीत होते. टेबलावर वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक असे आणि मागच्या भिंतीवर मी माझ्या हाताने लिहिलेला पुठ्ठा: मनिलाहून ग्वाम, होनोलुलू, सॅन फ्रान्सिस्को, मैल किती, तास किती. मनिला ते होनोलुलू पाच हजार तीनशे मैल. जाताना दहा तास, येताना अकरा, कारण परतणाऱ्याला वारा समोरून असतो. बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या टोपली घेऊन तशाच आत यायच्या. "तुदिंग, माझा लेक आत्ता कुठवर पोचला असेल गं?" मी घड्याळाकडे बघून सांगायचे. त्या मान डोलवायच्या आणि निवांत घरी जायच्या. माझं नाव गर्ट्रुडिस, पण गावात मला 'तासांची तुदिंग' म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

माझ्या वडिलांना, तातांगना, तो पुठ्ठा आवडत नसे. तरुणपणी ते हवाईच्या मळ्यावर दहा वर्षं ऊस तोडून आले होते. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नसत.

"एकोणीस दिवस," ते म्हणायचे. "एकोणीस दिवस बोटीच्या पोटात. तुझ्या अकरा तासांत माणूस नुसता पोचतो. घर सुटायला एकोणीस दिवसच लागतात."

आपलं एकही पोर त्या मळ्याकडे जाणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि १९५८ साली माझा थोरला भाऊ, मानोंग देन्सियो, गेला. होनोलुलूलाच जन्मलेली व्हर्ना बापाबरोबर त्याचं गाव बघायला आली होती. गाव बघितलं आणि देन्सियोला घेऊन गेली. निघायच्या दिवशी तातांग जिन्याच्या पायरीवर कोयता घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जा. पण मी मेलो तर माझ्या ओंडक्याशी येऊन बसू नकोस."

"नाही बसणार," देन्सियो म्हणाला.

दोघांचं हाड एक. पुढची अकरा वर्षं दोघांमध्ये एका ओळीचं पत्र गेलं-आलं नाही. पत्रं यायची ती आईच्या, नानांगच्या नावाने. तिला वाचता येत नसे, म्हणून मी मोठ्याने वाचायचे. तातांग शेजारच्या खिडकीत मांडीवर झुंजीचा कोंबडा घेऊन त्याची पिसं विंचरत बसायचे. माझा आवाज जरा खाली गेला की म्हणायचे, "कोंबड्याला ऐकू येत नाहीये."

आता तारखांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. होनोलुलूचं घड्याळ आमच्या अठरा तास मागे. आमच्याकडे शनिवार उजाडतो तेव्हा तिथे शुक्रवारची दुपार असते. १९६० च्या नाताळात देन्सियोने लिहिलं, नाताळच्या दिवशी संध्याकाळी सहाला लाओआगच्या टेलिफोन कचेरीत फोन करतो. नानांग नवा पोशाख घालून, केसांत तेल चोपडून पाचपासूनच तिथल्या बाकावर जाऊन बसली. नऊ वाजता कचेरी बंद झाली. फोन आला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला, आणि तो घ्यायला तिथे कुणीच नव्हतं. नानांग दोन दिवस जेवली नाही. तेव्हा मी देन्सियोला लिहिलं: मानोंग, यापुढे कुठलाही वार, कुठलीही तारीख सांगशील ती आमची सांग, तुमची नको. त्याने कबूल केलं. आणि नऊ वर्षं पाळलं. त्याच्या प्रत्येक पत्रातला रविवार हा आमचा रविवार असायचा.

१९६९ च्या फेब्रुवारीत तातांगना खोकला लागला तो हटेना. त्याच महिन्यात एक दिवस मी कचेरीतून घरी आले तर परसातलं वठलेलं चिंचेचं झाड आडवं पडलेलं. तातांग त्याच्या बुंध्यावर बसून धापा टाकत होते. खोडाचा एक लांब तुकडा वेगळा काढून त्यांनी तो खांबांवर उभ्या झोपडीखाली, पाऊस लागणार नाही असा ठेवला.

"हे कशाला?" नानांगने विचारलं.

"वाळू दे," एवढंच ते म्हणाले.

मे महिन्यात एका रविवारी पहाटे ते गेले. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं होतं, त्यामुळे कुणाला काही सांगितलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ, तात अंबो, गावातला लाकूडतोड्या. तो करवत घेऊन आला. त्याने नेहमीसारखं विचारलंही नाही, कारण त्याला वाटलं उत्तर ठाऊकच आहे.

"दोन फूट बस झाले. सगळे इथलेच," तो म्हणाला.

"झोपडीखाली आहे तो आण," नानांग म्हणाली.

तात अंबो आत वाकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग वहिनीला म्हणाला, "मानांग, हे आठ फूट आहे. नीट मापून कापलंय, टोकाला कोयत्याची खूण आहे." तो माझ्याकडे वळला. "ए तासवाले, आठ फूट कुठलं गं?"

त्याला ठाऊक होतं. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नानांगने रुमालाने तोंड झाकलं आणि आत गेली. मी सायकलवर बसून तार करायला गेले.

बुधवारी उत्तर आलं. तारेत सात शब्द होते: शुक्रवारी निघतो. सकाळच्या विमानाने लाओआग. थांबा. देन्सियो.

मी ती तार नानांगला वाचून दाखवली आणि तिथल्या तिथे हिशेब केला. आमचा शुक्रवार म्हणजे त्यांचा गुरुवार. त्यांच्या गुरुवारी रात्री आठला होनोलुलूहून विमान सुटतं. अकरा तास. मनिलाला आमच्या शनिवारी पहाटे एक. तिथून सकाळचं विमान, लाओआगला आठ वाजून दहा मिनिटं. "शनिवारी सकाळी, नानांग," मी म्हटलं. "शनिवारी सकाळी आठ दहाला तो गाबूच्या धावपट्टीवर उतरेल."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला आठवतं, मला तेव्हा अभिमान वाटला होता. बाप घरात पेटीत होता आणि मला माझ्या हिशेबाचा अभिमान वाटला होता.

दफन शनिवारी दुपारी चारला ठरलं. त्यापुढे ढकलणं अवघड होतं. मे महिन्याचा उकाडा, आणि लाओआगहून आलेल्या औषधवाल्याने, ज्याने तातांगना टिकण्याचं औषध टोचून पेटीत ठेवलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं, शनिवारच्या पुढची हमी मी देत नाही. पाद्रींनाही रविवारी सहा वस्त्यांवर मिस्सा होत्या. पण शनिवार सगळ्यांना सोयीचा होता आणि देन्सियो सकाळीच पोचणार होता, त्यामुळे कुणाला काळजी वाटली नाही.

ते चार दिवस मला घराच्या वासासकट आठवतात. भाजलेल्या तांदळाची कॉफी, तंबाखू, मेणबत्त्या, आणि दारातून आत येणारा चिंचेच्या लाकडाचा धूर. कुणी झाडू मारत नव्हतं, कुणी केस विंचरत नव्हतं. पेटीजवळच्या ताटलीत तातांगसाठी भात, उकडलेलं अंडं, एक विडी आणि बासीचा पेला. नानांग डोक्यावर काळा रुमाल ओढून दिवसातून दोनदा पेटीशी बसायची आणि दुंग-आव करायची. आमच्यात मेलेल्याशी असं रडत, गात बोलतात. जिवंतपणी जे तोंडावर सांगता आलं नाही ते या वेळी सांगायचं, आणि सगळ्या गावाने ऐकायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, नंतर कुणी त्याबद्दल टोमणा मारायचा नाही.

"अकरा वर्षं कोंबड्याच्या नावाने पत्रं ऐकलीस," नानांग गात होती. "तोंडाने नाही म्हणालास आणि हाताने आठ फूट कापलेस. मला सांगितलं असतंस तर मी त्याला आधी बोलावलं नसतं का? आता त्याने कुणाशी भांडायचं? कुणाची माफी मागायची?"

बायका रडत होत्या. बाहेर तात अंबो ओंडका वीतभर पुढे सरकवत होता, धग राखेत गुदमरू नये म्हणून.

शनिवारी सकाळी चुलतभावाच्या जीपमधून मी गाबूला गेले. विमान आठ बाराला उतरलं. दोन शिक्षिका, एक सैनिक, टोपली घेतलेली म्हातारी, लेकराला खांद्यावर घेतलेलं एक जोडपं. मी शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबले. मग ओळखीच्या कारकुनाकडून प्रवाशांची यादी मागून घेतली आणि बोट ठेवून वरून खाली वाचली. नंतर खालून वर.

घरी परतले तेव्हा सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. मी एकटी उतरले.

"तुझ्या पुस्तकातला भाऊ कुठंय?" तात अंबोने विचारलं.

"यादीत नाव नाही."

"बापाने नको म्हटलं, पोराने नाही येणार म्हटलं. दोघांनी शब्द पाळला, झालं," तो म्हणाला. पण त्याचा आवाजही बसला होता. मग आत जाऊन तो नानांगपुढे उकिडवा बसला. "मानांग, आता चारला काढायचं ना?"

नानांगने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. "तुदिंग, उद्या येईल का गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी किती वेळात दिलं ते मला सांगता येईल. स्कर्टच्या खिशात तार होती. ती बाहेर काढावी, पुन्हा वाचावी, एवढं मनात आलं. शुक्रवार. कुणाचा शुक्रवार? हे इतकं स्पष्ट मनात आलं की अजून त्याचा आवाज ऐकू येतो. आणि लगेच दुसरा विचार आला, की नऊ वर्षांत त्याने एकदाही चूक केलेली नाही, मीही केलेली नाही. सगळं गाव ऐकत होतं. तासांच्या तुदिंगने 'मला नक्की माहीत नाही' म्हणायचं होतं, एवढंच. तेवढं म्हटलं असतं तर औषधवाल्याच्या पाया पडून, पाद्रींची मनधरणी करून नानांगने एक दिवस मिळवला असता. ती तशीच होती.

"नाही, नानांग," मी म्हटलं. "निघाला असता तर आज इथे असता. दिवसाला एकच विमान आहे, ते येऊन गेलं."

चार वाजता पेटी निघाली. आमच्या रिवाजाप्रमाणे ती दारातून जाताना सगळ्या खिडक्या बंद केल्या. स्मशानात नानांगने पेटीच्या काचेवरून एकदा हात फिरवला, जणू काच पुसून कुणाला तरी दाखवायचं आहे.

परत आल्यावर तात अंबोने बासीची बाटली तिच्या हातात दिली. ओंडका दोन फुटांहून थोडा जास्त उरला होता. नानांग त्याच्यापुढे उभी राहिली, बाटली तिने जमिनीवर ठेवली आणि पायरीवर बसली.

"विझवा, मानांग," तात अंबो म्हणाला.

"राहू दे."

"अहो, दफन झालं. आता आग ठेवणं बरं नाही. गेलेल्याला वाट सुटत नाही."

"माप कुणी घेतलं होतं? तू?"

"नाही."

"मी?"

"नाही."

"ज्याने घेतलं त्याने आठ फूट घेतलं. सहा जळलं. उरलेलं काय मी चुलीत घालू?"

म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, दुःखाने डोकं फिरलंय, असू दे. रात्री मी तिला आत आणायला दोनदा गेले. ती आली नाही.

रविवारी सकाळी घरच्या सगळ्यांनी नदीवर जायचं होतं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी भाताच्या जाळलेल्या काडांचं पाणी आणि बासी डोक्यावर घालून आम्ही केस धुतो, दुःख नदीत सोडून येतो. नानांग म्हणाली, "तुम्ही जा. माझं अजून सुटायचंय."

म्हणून आम्ही तिला सोडून गेलो. पाडसान नदीला गुडघाभर पाणी होतं. मी वाकले होते, माझी मावसबहीण माझ्या डोक्यावर काळं पाणी ओतत होती, आणि विमानाचा आवाज आला. नदीवरूनच ते गाबूकडे वळायचं. सवयीने मी मनगट पाहिलं. आठ वाजून सात मिनिटं.

"तुझं विमान गं, तुदिंग," मावसबहीण म्हणाली.

"वेळेवर आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा खाली वाकले.

केस पिळून, वाटेत जरा बसून आम्ही घरी आलो तेव्हा साडेनऊ वाजले असतील. फाटकाशी सुटकेस उभी होती. ओंडक्यापाशी काळ्या सुटातला एक माणूस उकिडवा बसला होता, डोक्यावरचे केस विरळ झालेला, आणि नानांगचा हात त्याच्या मानेवर होता. ओंडक्याचं टोक लाल होतं. दीड फूट, जास्तीत जास्त.

एका क्षणात सगळा हिशेब आपोआप सरळ झाला. शुक्रवार त्यांचा होता. त्यांच्या शुक्रवारी रात्री आठ म्हणजे आमचा शनिवार, दुपारचे दोन. अकरा तास. रविवारी पहाटे एक. आठ वाजून दहा मिनिटं. तो अगदी वेळेवर आला होता. आम्ही पेटी उचलत होतो तेव्हा तो समुद्रावर होता, वारा समोरून घेत.

तात अंबो माझ्या मागून आला. "आता उगवलास? शुक्रवारी निघतो म्हणून तार केलीस, त्याची ही वेळ?"

देन्सियोने मान वर केली. "तारेत शुक्रवार होता?"

"शुक्रवार. तुदिंगने सगळ्यांना वाचून दाखवली. शनिवारी सकाळी येणार म्हणून सगळं गाव..."

देन्सियो काहीतरी बोलणार होता. मला दिसलं, ओठ हलले. नंतर कळलं की तार त्याने केलीच नव्हती. तो मळ्यावर सुटी मागायला गेला होता आणि त्याच्या बायकोने, व्हर्नाने, टपालात जाऊन तार दिली. आमचा करार तिला काय ठाऊक. पण त्या वेळी त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांतून काळं पाणी ब्लाउजवर गळत होतं. त्याने पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. तोही त्याच हिशेबात वाढलेला होता.

"विमान चुकलं, तात," तो म्हणाला.

"विमान चुकलं," तात अंबो म्हणाला. "अकरा वर्षांत एक विमान धरायचं होतं, तेही चुकलं."

"हो. चुकलं."

मी तोंड उघडलं नाही. नानांगने बासीची बाटली त्याच्यापुढे केली. "तुझ्या बापाने कापलाय हा. फेब्रुवारीत, खोकत खोकत. आठ फूट."

देन्सियोने बाटली घेतली पण ओतली नाही. कोट काढून घडी घालून बाजूला ठेवला आणि तिथेच मातीत बसला. दिवसभर बसला. बायकांनी जेवण आणलं ते तिथेच खाल्लं. आग मंदावली की तो ओंडका बोटभर पुढे सरकवायचा, तात अंबोसारखाच. संध्याकाळी वीतभर लाकूड उरलं तेव्हा त्याने त्यावर बासी ओतली. चर्र आवाज झाला, वाफ आली. मग तो रडला, आणि नानांगने त्याला नदीवर नेऊन स्वतःच्या हाताने त्याचं डोकं धुतलं, लहान मुलाचं धुवावं तसं.

त्यानंतर त्याची पत्रं चाळीस वर्षं आली. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर दोन तारखा, एकाखाली एक: तिथली आणि इथली, वारासकट. त्याबद्दल त्याने कधी एक अक्षर लिहिलं नाही. मीही नाही. नानांग १९८४ मध्ये गेली, आपल्या लेकाचं विमान चुकलं होतं असं समजूनच गेली. तेव्हा देन्सियो दोन दिवस आधी येऊन तिच्या उशाशी बसला होता. तरी गावाने सोडलं नाही. तो सुटीवर आला की पारावरचे म्हातारे हाक मारायचे, "काय रे विमानचुक्या, परतीचं तरी धरणार ना?" तो हसायचा, त्यांना सिगारेटी वाटायचा. मी शेजारी उभी असायचे. एकदा मी त्याला गाबूवर सोडायला गेले असताना म्हटलं, "मानोंग, मी सांगू का त्यांना?" तो म्हणाला, "काय सांगणार, आदिंग? चल, वजन करून घेऊ बॅगेचं." आदिंग म्हणजे धाकटी. शेवटपर्यंत मला तो त्याच नावाने हाक मारायचा.

गेल्या महिन्यात तो गेला, नव्वद पूर्ण करून. त्याची मुलगी शार्लीन हिचा फोन आला. पप्पांना गावीच पुरायचं आहे, पेटी घेऊन येतो.

"शुक्रवारी निघतो, आंटी."

"तुमच्या शुक्रवारी की आमच्या?"

ती हसली. "सगळं फोनवर पाठवते ना तुम्हाला. वेळेसकट येतं आता."

"तरी तोंडाने सांग."

तिने सांगितलं. मी कागदावर दोन ओळींत लिहिलं, एकाखाली एक, आणि तिला परत वाचून दाखवलं.

लाकूडवाला आता करवत नाही, यंत्र घेऊन येतो. त्याने विचारलं, "कोण कुठून यायचंय, आपो?" आपो म्हणजे आजी.

"जो गेलाय तोच यायचाय. होनोलुलूहून."

"मग दोन फूट बस होईल. हल्ली अकरा तासांत येतात."

"तेव्हाही अकराच तास लागायचे," मी म्हटलं. "आठ फूट काप."

काल सकाळी पेटी आली. ठरल्या वेळी, ठरल्या दिवशी. घर माणसांनी भरलं. संध्याकाळी तात अंबोचा मुलगा, आता तोही सत्तरीचा, कॉफीचा पेला घेऊन पेटीशी उभा राहिला आणि शार्लीनला सांगू लागला, "तुझ्या बापाला आम्ही काय म्हणायचो माहितीये? विमानचुक्या. बघ, शेवटी वेळेवर आला." सगळे हसले. शार्लीनही हसली, तिला वाटलं हसायचं असतं.

मी काठी टेकत उठले. पेटीजवळची खुर्ची घेतली, काळा रुमाल डोक्यावरून पुढे ओढला. दुंग-आव सुरू होतंय हे बायकांनी ओळखलं आणि घर गप्प झालं. बाहेर चिंचेचं लाकूड जळत होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा गळा आहे.

"मानोंग," मी गायला लागले, "तुझं विमान चुकलं नव्हतं. चुकला तो माझा शुक्रवार."